पातेलं घासायला कोण थांबतंय?

कारखान्यातल्या निर्जंतुक क्लीन रूममधून बाहेर आलो, गाऊन उतरवला, लॉकर उघडला आणि फोनवर ब्रीडाचे लागोपाठ मिस्ड कॉल दिसले. ब्रीडा सहसा फोन करत नाही. आमच्या शेजारची ही टपाल खात्यातून निवृत्त झालेली आयरिश बाई, काही सांगायचं असलं की सरळ दारात येऊन उभी राहते. मी फोन लावला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "संतोष, आपली माधुरी गेली." आजाराला वर्ष होऊन गेलं होतं, कल्पना सगळ्यांनाच होती. तरी लॉकरचं दार धरून मी किती वेळ उभा होतो, कोण जाणे... त्याला आता काही आठवडे झाले. आज लिहायला बसलो आहे तेव्हा डोळ्यांत पाणी कमी आणि चेहऱ्यावर हसू जास्त आहे. माधुरीताईंना हेच आवडलं असतं.

डॉ. माधुरी पाटणकर मूळच्या सांगलीच्या. आयर्लंडमधल्या किलकेनीपासून जवळच असलेल्या आमच्या लहान शहरातल्या रुग्णालयात त्या भूलतज्ज्ञ होत्या. मी परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि घरातला पहिला पदवीधर मी. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागून इथे आलो, तेव्हा या शहरात मला ओळखणारं कोणी नव्हतं. सुपरमार्केटमध्ये मी फोनवर आईशी बोलत असताना मागून आवाज आला, "परभणीकडचे का हो?" त्या रविवारी मी ताईंकडे जेवलो, आणि मग पुढचे कितीतरी रविवार. चांगला कोट कुठे मिळतो इथपासून साहेबाला 'नाही' कसं म्हणायचं इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. "अरे, मान खाली घालून 'हो' म्हणू नकोस. त्यांना वाटतं तुला पटलंय."

रुग्णालयापासून आमच्या वसाहतीपर्यंतचा रस्ता तेव्हा अंधारा होता. फूटपाथ नव्हता, दिवे नव्हते. ड्यूटी संपलेल्या नर्सेस मोबाइलच्या उजेडात कडेकडेने चालत यायच्या. एका हिवाळ्यात त्यातल्या एकीला गाडीचा धक्का लागला, ती चरात पडली आणि मनगट मोडलं. ऑपरेशनच्या वेळी तिला भूल ताईंनीच दिली. संध्याकाळी त्या ब्रीडाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मी काउन्सिलच्या निवडणुकीला उभी राहते." ब्रीडा पक्षाची जुनी सभासद. तिने शांतपणे किटली लावली आणि म्हणाली, "ग्रँड. आधी बस." 'ग्रँड' म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'.

इथे स्थानिक निवडणुकीला उभं राहायला नागरिकत्व लागत नाही. पण पक्षाचं तिकीट हवं असेल तर आधी गावातले सभासद एका सभेत मतदान करून उमेदवार निवडतात. ताईंच्या समोर होते जमिनी-घरांचे व्यवहार करणारे एक गृहस्थ. आजोबांपासून पक्षात, गोल्फच्या स्पर्धा भरवून निधी जमवणारे, बड्या लोकांचे चेक ज्यांच्याकडे आपोआप चालत येतात असे. इथे कोणत्याही तिसऱ्या पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. ब्रीडाच्या तोंडी त्यांचं तेच नाव पडलं, आणि मग आमच्याही.

आमच्याकडे काय होतं? चर्चचा पॅरिश हॉल आणि ताईंचं पातेलं. हे पातेलं त्यांनी सांगलीहून विमानाने आणलेलं, आत साड्या भरून. काठावर आईचं नाव कोरलेलं: सौ. शकुंतला रामचंद्र पाटणकर. प्रचाराच्या निधीसाठी दर महिन्याच्या एका शुक्रवारी हॉलमध्ये मिसळ आणि प्रश्नमंजूषा असा बेत ठरला. माणशी पाच युरो, मुलं फुकट. मटकी आदल्या दिवशी माझ्या बाथटबशेजारी मोड काढायला ठेवायची, कारण घरात उबदार जागा तेवढीच. पाव म्हणून इथला साधा जाड ब्रेड. ब्रीडा मिसळीवर चीज किसून घालायची आणि इथलाच दुसरा मराठी माणूस, आमचा पुण्याचा प्रशांत, कपाळावर हात मारायचा. सगळं आटोपलं की ताई हॉलच्या मध्यभागी उभ्या राहून मराठीतच विचारायच्या, "पातेलं घासायला कोण थांबतंय?" कोण थांबतं, इकडे त्यांचं बारीक लक्ष असे.

अशात शहरातल्या मोठ्या हॉटेलच्या मालकांनी निरोप पाठवला: माझा हॉल घ्या, चांगलं जेवण ठेवू, ताटाला भरभक्कम पैसे लावू, डॉक्टरमंडळी येतील, एका रात्रीत तुमच्या सगळ्या प्रचाराचा खर्च निघेल. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. ताई नाही म्हणाल्या.

"ताई, समोर युअर मॅन आहे! आपण मिसळ विकून त्याला हरवणार?"

"संतोष, त्या जेवणाला आपली ती मनगट मोडलेली पोरगी येऊ शकेल का?"

"तिला आपण फुकट बोलावू की."

"म्हणजे ती पाहुणी झाली. इथे ती पाच युरो देते, चवीला नावं ठेवते आणि माझ्याशी भांडते. मला ती तशी हवी आहे."

मग त्या स्वतः हॉटेलात गेल्या आणि मालकांनाच मिसळीचं आमंत्रण देऊन आल्या. गृहस्थ खरंच आले. रांगेत उभे राहिले, घाम पुसत दोन प्लेट खाल्ल्या, आणि जाताना पैशांच्या डब्यात एक मोठी नोट टाकली. प्रशांतने ती पाहिली. माइक त्याच्याच हातात होता आणि अंगात पुण्याचं गणेश मंडळ. त्याने मालकांचं नाव आणि रक्कम खणखणीत आवाजात जाहीर केली. "टाळ्या झाल्या पाहिजेत!" एकही टाळी वाजली नाही. मालक लालबुंद. आयरिश मंडळी आपापल्या कपात बघू लागली.

आणि मी एकदम गंगाखेडला पोहोचलो... माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी गावाने वर्गणी केली होती. सत्काराच्या दिवशी माइकवरून एकेक नाव आणि रक्कम वाचली जात होती, आणि वडील प्रत्येक नावाला हात जोडत होते. त्या माणसांचा मी जन्मभर ऋणी आहे, त्यांच्यामुळे मी शिकलो. पण त्या दिवसानंतर वडील गावातून मान वर करून चालले नाहीत, हेही खरं आहे.

ताईंनी हसत प्रशांतच्या हातातून माइक काढून घेतला. "आमच्या प्रशांतला शून्य जास्त दिसतात, त्याचा चष्मा बदलायला हवा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "इथे सगळ्यांनी सारखंच दिलंय. पाच युरो आणि एक शुक्रवार." हॉल हसला. मालकही सुटल्यासारखे हसले, आणि ताईंनी ती नोट हळूच त्यांच्या कोटाच्या खिशात परत घातली. नंतर भांडी आवरताना मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांनी ओला हात तसाच माझ्या खांद्यावर ठेवला.

निवडीच्या सभेत ताई थोडक्यात हरल्या. मिसळीला हॉल भरत होता खरा, पण मतदानाला सभासदत्व जुनं लागतं आणि आमची बरीचशी मंडळी नवी होती. युअर मॅनना तिकीट मिळालं. ताईंनी त्यांच्याशी हात मिळवला. "अभिनंदन. फूटपाथ तेवढा करा. आम्ही विचारत राहू." मग आमच्याकडे वळल्या. मी रडायच्या बेतात होतो. "चला. पातेलं घासायला कोण थांबतंय?"

सगळेच थांबले. आणि नंतरही थांबतच राहिले, हे महत्त्वाचं. युअर मॅन निवडून आले, पण पक्षाच्या दर बैठकीला त्यांच्यासमोर नर्सेस, प्रशांत, ब्रीडा आणि मी हजर. विषय एकच. अखेर दिवे लागले, फूटपाथ झाला. उद्घाटनाला ताईंची ड्यूटी होती. त्या संध्याकाळी त्याच फूटपाथवरून चालत घरी आल्या आणि फोनवर म्हणाल्या, "जरा अरुंद केलाय रे. दोघी बोलत चालल्या की तिसरीला गवतात उतरावं लागतं. पुढच्या बैठकीत काढू."

अंत्यविधीनंतर इथल्या रीतीप्रमाणे हॉलमध्ये चहा आणि सँडविचेस होती. आम्ही मिसळही केली, त्याच पातेल्यात. लोक रांगेने येऊन हात हातात घेत होते, "तुमच्या दुःखात सहभागी आहोत" म्हणत होते... मलासुद्धा, जणू मी घरचाच. हळूहळू हॉल रिकामा होऊ लागला, आणि कोणीतरी काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखी शांतता पसरली. तेव्हा ब्रीडा मध्यभागी जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं ऐकून ऐकून तिला ते वाक्य पाठ झालं होतं. आयरिश वळणाच्या मराठीत, एकेक शब्द जपून ठेवत तिने विचारलं, "पातेलं घासायला कोण थांबतंय?"

मी पुढे झालो, तोवर सिंकपाशी कोणीतरी पोहोचलंही होतं. काळा सूट, बाह्या वर केलेल्या. युअर मॅन. पातेल्याच्या तळाला लागलेला मसाला ते जोर लावून खरवडत होते.

"गरम पाणी घाला आधी," मी म्हणालो, "ताई तसंच करायच्या."

त्यांनी नळ फिरवला. मी फडकं घेऊन शेजारी उभा राहिलो. पातेलं आता हॉलच्या कपाटात, कपांच्या खालच्या फळीवर पालथं असतं. येत्या शुक्रवारी लागेल. मटकी भिजत घातली आहे.