तिसऱ्या ओळीआधीच्या टाळ्या

मंडळी, लय डोकं तापलं आहे. मालेगावले घरी येऊन चहा झाला, तरी राग उतरून नाही राह्यला.

आज दुपारी केनवडले कविसंमेलन होतं. मी एकच हायकू घेऊन गेली होती, आवाज आणि शांततेचा. तीन छोट्या ओळी. दुसऱ्या ओळीनंतर मले मुद्दाम थांबायचं होतं. हायकूचा जीव त्या थांबण्यातच होता.

दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. हॉल खरंच गप झाला. पंख्याचा आवाज ऐकू आला.

इतक्यात सूत्रसंचालकानं दुसरा माईक उचलला. "ताई विसरल्या वाटते! घाबरू नका ताई! टाळ्या होऊन जाऊ द्या, हिंमत द्या त्याईले!"

झालं. सगळे टाळ्या पिटत सुटले. त्यात त्यानं एक शेरही ठोकला. माझी तिसरी ओळ कोणाच्याच कानावर गेली नाही.

खाली उतरल्यावर विचारलं, "भाऊ, काहून बोलले मधात?"

"ताई, स्टेजवर गॅप पडला की पब्लिक उठून जाते. मी तुमाले सांभाळून घेतलं!" वरून हसून राह्यला.

अरे, सांभाळून घेतलं?

आमची पिठाची चक्की होती. माय दिवसभर चालवे. त्या घरघरीत तिचा खोकला आमाले ऐकूच येत नव्हता. चक्की बंद झाली की मगच कळे.

आपल्याले शांततेचा एवढा धाक काहून आहे? सांगा मले. पण आधी हे वाचा, आणि दुसऱ्या ओळीनंतर थांबा.

चक्की थांबली
पांढऱ्या पिठाआड

माय खोकते