तात्यांची चुकलेली प्लेट

तात्या मिस्त्री चालू इंजिनाकडे कधी पाहत नसत. गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे. आम्ही ट्रकमालक तोवर गपगुमान उभे.

एका कंपनीच्या ट्रकात दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवावं ते तात्यांनीच. या कामाला ते सोयरीक म्हणत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी लोखंडी प्लेट ते आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर कातरून बघत. काटेवाडीच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गॅरेजात पत्रिकांची थप्पीच असे.

साखर कारखाना सुरू व्हायला आठ दिवस असताना माझ्या ट्रकचं इंजिन फुटलं. त्याच कंपनीचं मिळेना, म्हणून तात्यांनी दुसरं बसवलं. सातव्या दिवशी ते पहिल्याच चावीला सुरू झालं. मी हार घातला, पेढे वाटले आणि डाळजला थांबलेल्या ऊसतोड टोळीला फोन केला, उद्या येतो म्हणून. तात्यांचा हात मात्र दांड्यावरून निघेना.

"उतरवा," ते म्हणाले. "प्लेट केसभर सरकलीय. पुठ्ठा सादळला हुता, माझ्या ध्यानात आलं न्हाय."

"तात्या, केसभरानं काय हुतंय? टोळी थांबायची न्हाय."

"रिकाम्या गाडीला काय हुत न्हाय. ऊस भरल्यावर गिअरबॉक्स फुटंल. आन् वर टोळीची पोरंबाळं बसल्याली असत्यात, बापूराव."

मला ते पटत होतं, तरी राग आवरला नाही. "म्हातारपणी हात गेला तुमचा," असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो.  तात्या इंजिन उतरवायला चेनपुली ओढायला लागले.

दुसरी प्लेट व्हायला तीन दिवस लागले. टोळी दुसऱ्या ट्रकवर गेली, माझा निम्मा हंगाम बुडाला. पण तो गिअरबॉक्स त्यानंतर कधी उघडावा लागला नाही. चुकलेली प्लेट तात्यांनी गॅरेजच्या दारातच टांगली. कुणी विचारलं तर सांगत, "माझी चुकी हाय. येता-जाता दिसाया पायजे." मी पुढेही जात राहिलो, ते चहा पाजत राहिले. माझे शब्द मागे घ्यायचे तेवढे राहून गेले, ते आजही खुपतं.

गेल्या वर्षी तात्या गेले. त्यांची लेक म्हणाली, "काका, आठवण म्हणून एखादं हत्यार न्या." मी दारातली प्लेट मागितली.

"ती तर चुकल्याली हाय."

"ठावं हाय मला. माझ्याच गाडीची हाय."

आता ती माझ्या ट्रकच्या केबिनमध्ये आहे. भरलेली गाडी निघण्याआधी मी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवतो, डोळे मिटतो. ड्रायव्हर थांबतो. माझ्या हाताला अजून काही कळत नाही. तरी ठेवतो.