कनीजच्या डब्ब्याची घरघर

कनीज भद्रावतीची. वडील दारूगोळा कारखान्यात सुतार, राहायला कॉलनीतलं क्वार्टर, आणि बारावीनंतर कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स. एवढं सगळं करून तिला दिली गडचिरोलीकडच्या कुरखेड्याला, जिथे तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे तहसील कचेरीत कापडाखाली झाकून ठेवायची वस्तू होती. नवरा मुबीन लग्नांचं शूटिंग करायचा. कॅमेरा धरायला बरा. माऊस हातात दिला की त्याला घाम फुटायचा. मग मिक्सिंग कनीजकडे आलं. नवरा-नवरीला बदामात बसवणं, मामाच्या डोक्यावर गुलाब पाडणं, पंगतीत उघडी पडलेली तोंडं कापून टाकणं. दोन हजार चारपासून तालुक्यातल्या निम्म्या लग्नांना तिनंच माणसात आणलं.

चित्रं भरभर चालावीत म्हणून मुबीननं नागपूरहून एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. त्यावर मारी बिस्किटाएवढा पंखा. जीव एवढासा, आवाज राईस मिलचा.

कॉम्प्युटरचा हा डब्बा होता त्याच खोलीत दाराशी सासरे बसत. बाबूभाई, शिलाई मशीनचे मिस्त्री. मशीन फिरवायचं, कान लावायचा आणि कुठला पुर्जा ढिला ते न उघडता सांगायचं, अशी त्यांची ख्याती. ती ख्याती ते स्वतःच सांगत, पण खोटी नव्हती. या घरात हिंदी चालायची. भांडण मात्र इकडच्या झाडीबोलीतच व्हायचं, कारण हिंदीत त्याला धार येत नसे.

"तुह्या डब्ब्यानं माहा कान खाऊन टाकला," बाबूभाई म्हणाले. "आठ दिवस देतो. आवाज बंद झाला त ठीक. नाई त डब्बा आपल्या स्टँडवरच्या दुकानात. जिशान बसन तिथी."

जिशान म्हणजे धाकटा दीर. स्टँडवरच्या दुकानात सून बसणार नाही, हे न बोलता ठरलेलं. म्हणजे डब्बा गेला की कनीजचं काम गेलं, आणि तिनं उरलेलं आयुष्य रोट्या थापायच्या. जिशानला बदाम आणि वांगं यातला फरक कळत नसे, ते वेगळंच.

कनीजनं आधी डब्ब्यावर रजई टाकली. अर्ध्या तासात डब्बा तापून पडदा काळा. मग डब्बा कपाटात कोंबला. कपाटच घुमायला लागलं. सातव्या दिवशी शेजारच्या सुगंधाबाईनं अक्कल दिली.

"आमची बैलबंडी अशीच बोंबलते. मोहाच्या बियांचं तेल सोड आसाले, गप बसते."

बाटली उन्हात ठेवून, तेल पातळ करूनच सुगंधाबाईनं दिलं होतं. तेव्हाच कनीजला कळायला हवं होतं. नाही कळलं. कोर्समध्ये मोहाचं तेल नव्हतं.

तिनं पंख्याचं स्टिकर सोलून आत चार थेंब सोडले. दुपारभर पंखा मांजरीसारखा गुरगुरला, बस. कनीज त्या दिवशी गाणं म्हणत मिक्सिंग करत होती.

पण डिसेंबरची थंडी. रात्रीतून तेल तुपासारखं गोठलं. सकाळी डब्बा चालू केला तर पंखा जागचा हलेना. पडद्यावर नवरी हिरवी झाली, नवऱ्याच्या तोंडावर पट्टे आले. कनीजनं झटक्यात बटण बंद केलं, वायर उपसली आणि कार्ड काढून मांडीवर घेतलं. आठवा दिवस होता.

तेवढ्यात गिरजाबाई शिवणवाली मशीन घेऊन आली. "खटखट करते जी, भाऊ."

बाबूभाईंनी मशीन फिरवलं, कान लावला. परत फिरवलं. चिडून मागे वळले. "बंद कर व तो डब्बा! काई ऐकू येऊन नाई राह्यलं."

"काय बंद करू, अब्बा?" कनीजनं कार्ड वर धरलं. "त्याचं काळीज माह्या हातात हाय. वायर भिंतीवर लोंबते."

गिरजाबाई फसकन हसली. बाबूभाई हसले नाहीत. त्यांनी एकदा डब्ब्याकडे पाहिलं, एकदा वायरीकडे, आणि हळूच करंगळी कानात घालून हलवली. तेव्हा कनीजला उमगलं. घरघर डब्ब्याची नव्हतीच. निदान सगळी नव्हती. रात्री डब्बा बंद असताना ती कुठून येते, हे या माणसानं कोणाला विचारलंच नव्हतं.

"शटलपाशी वाजते," कनीज खालच्या आवाजात म्हणाली. "डाव्या अंगाले."

बाबूभाईंनी शटल उघडलं. सुईचं तुटलेलं टोक निघालं. "दिसलं होतं मले," ते गिरजाबाईला म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे ते." आठ दिवसांत पहिल्यांदा ते त्या वस्तूला शिवत होते. रॉकेलच्या बोळ्यानं त्यांनी गोठलेलं तेल पुसून काढलं, पंखा सुकवला आणि मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकला. "बंडीचं तेल पंख्याले घालते! मले विचारलं असतं त?"

"तुमी डब्ब्याचं तोंड पाहायले तयार नव्हता जी."

कार्ड बसलं, बटण दाबलं. नवरी गोरी झाली. बाबूभाईंनी डब्ब्याला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि मग तिच्याकडे न पाहता विचारलं, "गेला का आवाज?"

"गेला. आता फक्त वारा येते."

संध्याकाळी मुबीन आणि जिशान हातगाडी घेऊन आले. "अब्बा, आठ दिवस झाले. नेतो डब्बा," मुबीन म्हणाला.

"कोणं सांगतलं नेयाले?" बाबूभाई गरजले. "मी दुरुस्त केला तो. इथीच राहीन. अन् हे बी इथीच बसन, मले मशीनपाशी काम पडते तिचं."

मुबीननं हातगाडी वळवली. जिशान हातगाडीवर बसून शेंगा खात होता. त्याला सुटल्यासारखं झालं.

दोघं गेल्यावर बाबूभाई पुटपुटले, "तरी वाजतेच थोडा."

"तो तुमचा हाय, अब्बा. गडचिरोलीच्या डॉक्टरले दाखवू. मंगळवारी." कनीजनं मान वर केली नाही. पंगतीतला एक जाडा पाहुणा चौथी जिलबी तोंडात कोंबत होता, आणि त्याला कुठं कापावं हे तिला ठरवायचं होतं.