बाबांनी टाकू न दिलेल्या अ‍ॅलन की

बाबांना जाऊन सहा महिने झाले आणि माझ्याकडे अकरा अ‍ॅलन की आहेत.

अ‍ॅलन की म्हणजे ती एल आकाराची, सहा कोनांची लोखंडी चावी. घरी जोडायच्या फर्निचरच्या प्रत्येक खोक्यात एक फुकट येते. काम झालं की लोक ती कचऱ्यात टाकतात.

मी टाकू शकलो नाही, कारण बाबा फिटर होते. चिंचवडच्या कारखान्यात बत्तीस वर्षं.

आणि त्यांचा मुलगा मी. सॉफ्टवेअरवाला. साधा स्क्रू लावला तरी वाकडा जाणार.

"दिव्याखाली अंधार," असं ते माझ्यासमोरच पाहुण्यांना सांगायचे.

२०२० च्या मार्चमध्ये ऑफिसने लॅपटॉप देऊन घरी पाठवलं. आयर्लंडमधल्या डंडॉक गावी माझ्या भाड्याच्या घरात तेव्हा एक सोफा, एक पलंग आणि मी.

मग टेबल मागवलं. खुर्ची मागवली. शू रॅकसुद्धा मागवला, बाहेर पडायची बंदी असताना!

डिलिव्हरीवाला खोकं दारात ठेवून लांबूनच ओरडायचा, "नो नीड टू साइन, यू आर ग्रँड!" इकडे ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालेल.

पहिल्या टेबलाच्या वेळी तासभर झटापट करून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तेव्हापासून तो नियमच झाला. खोकं आलं की बाबा.

त्यांना बोल्ट नीट दिसावेत म्हणून मी मागचा कॅमेरा चालू करायचो आणि फोन कपाला टेकवून ठेवायचो. कॅमेरा फर्निचरकडे, स्क्रीन भिंतीकडे.

त्यांना माझे हात दिसायचे. मला फक्त त्यांचा आवाज यायचा.

"आधी सगळे बोल्ट हाताने लाव. अर्धेच आवळ. एकच पिळून बसलास तर बाकीचे जागेवर येणार नाहीत."

"हो बाबा."

"किती जोर लावतोस? आटे जातील."

"हो बाबा!"

काम संपलं की ठरलेला प्रश्न. "चावी कुठे ठेवलीस?"

"बाबा, अहो ती फुकटची आहे. चार एमएमच्या पाच झाल्यात आता."

"फुकटची असो नाहीतर विकतची, हत्यार टाकायचं नाही. माझ्यासाठी घेऊन ये."

मग मी त्या किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, आईच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात टाकायचो. पुढच्या ट्रिपला नेणार होतो. पुढची ट्रिप प्रत्येक वेळी पुढे जात राहिली.

गेल्या वर्षी खंडेनवमीला बाबांनी माझ्याकडून व्हिडिओवर त्या चाव्यांची पूजा करून घेतली. स्टीलच्या ताटलीत सात अ‍ॅलन की, हळदकुंकू आणि बागेतलं एक डँडेलियन. "झेंडू नाही मिळाला का रे?" म्हणाले. मी हसून हसून बेजार.

आज खंडेनवमी आहे. मी काहीही केलेलं नाही.

या एप्रिलमध्ये पुस्तकांचं शेल्फ आलं. शनिवार होता. मी बाबांना मेसेज टाकला, त्यांचं उत्तर आलं, "लाव फोन."

आवाज जरा बारीक वाटला. मध्ये खोकले.

"बाबा, खोकला झालाय का?"

"ठसका लागला. तू तिकडे लक्ष दे."

पुण्यात तेव्हा काय चाललं होतं ते मला माहीत होतं. रोज बातम्या बघत होतो. तरी मी ठसका म्हणजे ठसकाच समजलो, कारण मला शेल्फ पूर्ण करायचं होतं.

दीड तासाने ते म्हणाले, "फळी उलटी लागलीय. कच्ची कड पुढे आलीय बघ."

मी भडकलो. "आत्ता सांगताय? मघाशीच सांगायचं ना! लक्ष कुठे आहे तुमचं?"

ते परत खोकले.

मग म्हणाले, "काढ. घाई करू नको. मी आहे."

सगळं काढलं, पुन्हा लावलं. त्यांनी शेल्फ लांबून दाखवायला सांगितलं. मी फोन उचलून मागे सरकलो आणि शेल्फ दाखवलं. स्क्रीन माझ्याकडे होती, पण माझे डोळे शेल्फवर.

"छान झालंय," बाबा म्हणाले.

"ठेवतो बाबा, भूक लागलीय."

झालं. एवढंच.

दोन तासांनी आईचा फोन आला, बाबांना हॉस्पिटलमध्ये नेतोय. दोन ठिकाणी बेड नव्हता, तिसरीकडे मिळाला. पाचव्या दिवशी बाबा गेले. मला तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आई स्वतः पॉझिटिव्ह, घरात एकटी बंद. महापालिकेच्या माणसांनी बाबांना अग्नी दिला. त्यांची नावंही आम्हाला माहीत नाहीत.

महिन्याभराने आई पहिल्यांदा नीट बोलली.

"सकाळपासून ताप होता. बोटाला ते यंत्र लावलं तर शहाऐंशी दाखवत होतं. मी म्हटलं, ठेवा तो फोन, दवाखान्यात चला. तर म्हणाले, त्याची फळी उलटी लागलीय, तेवढं होऊ दे."

नंतर तिने विचारलं. आवाजात जराही राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

"ओठ काळेनिळे पडले होते रे. तुला दिसलं नाही का? व्हिडिओ होता ना?"

मी म्हटलं, "नेटवर्क खराब होतं आई. चित्रच येत नव्हतं."

तिने लगेच विश्वास ठेवला. आता नातेवाइकांना तीच सांगते, नेटवर्क नव्हतं हो, नाहीतर त्याने ओळखलं असतं.

आई फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहितोय. कोणी मला समजावू नका. "तुझी चूक नाही" असं तर लिहूच नका.

बाबा, नेटवर्क एकदम चांगलं होतं.

मी बघितलंच नाही.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.