डोक्याला लागलं, तेव्हा कुणालाच सांगितलं नाही

"सिर में चोट कब लगी थी?" इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"लागलेलं नाही," असं मी म्हणणार होते, तेवढ्यात आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी खाली पडलेली वाटी उचलून उठताना ओट्यावरच्या कपाटाचं उघडं दार टाळूवर आदळलं होतं. रक्त नाही, चक्कर नाही. घरी मी एकटीच, सांगणार कुणाला? बर्फ लावला आणि ऑफिसला गेले.

"सबड्युरल हिमॅटोमा," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं रक्त. ऑपरेशन आजच करावं लागणार होतं. "साथ में कौन है?"

बाहेरच्या बाकावर आमच्या कॉलनीतली इस्त्रीवाली शांती बसली होती. तिचं आडनावही मला ठाऊक नव्हतं.

मी सत्तावन्न वर्षांची. चार वर्षांपूर्वी बदली होऊन दिल्लीत आले, सरकारी क्वार्टरमध्ये एकटी राहते. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. मार लागल्यावर आठ-दहा दिवसांनी डोकं दुखायला लागलं. मी चष्म्याला, कम्प्युटरला, इथल्या हवेला दोष देत राहिले. दुखणं रोज थोडं वाढत होतं. सकाळी मळमळायचं, दुपारी फाइलवरच डुलकी लागायची. पुण्याहून ताईचा फोन आला की म्हणायचे, "बिल्कुल ठीक आहे गं." आपली जीभ जड झालीय हे आपल्याला कळत नाही. ते ऐकायला घरात दुसरं माणूस लागतं.

त्या सकाळी कपडे द्यायला खाली उतरले, तर शांती माझ्या पायांकडे बघतच राहिली. "मॅडमजी, एक चप्पल कहाँ है?"

डावी चप्पल जिन्यातच निसटली होती. मला पत्ताच नव्हता. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि ऑटो थांबवली.

संमतीपत्रावर मीच सही केली. बर होल ऑपरेशन झालं, म्हणजे कवटीला छोटी भोकं पाडून आतलं रक्त काढून टाकलं. संध्याकाळच्या विमानाने ताई येईपर्यंत शांतीने तो बाक सोडला नाही.

"इतके दिवस दुखत होतं, मला का नाही सांगितलंस?" ताई रडत म्हणाली. तिला काळजी नको म्हणून, असं मी म्हणाले. ते खरं नव्हतं. माझं दुखणं कुणाला सांगण्यासारखं असतं, हेच मी विसरले होते.

घरी सोडताना डॉक्टरांनी जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. मार किरकोळ असला तरी काही आठवडे लक्ष ठेवा. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या, गुंगी किंवा गोंधळ झाला, फिट आली, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, तर वाट न बघता इमर्जन्सीत जा. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर काही होत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. आणि एकटे राहत असाल, तर लागलंय हे एका माणसाला तरी सांगा.

ताई परत गेली, त्या संध्याकाळी मी समोरच्या घराची बेल वाजवली. तोवर कधी वाजवली नव्हती. साखळी लावून एका बाईंनी दार किलकिलं केलं.

"मैं सामने रहती हूँ," मी म्हटलं. "अकेली."

त्यांनी साखळी काढली.