देवाच्या तोंडी माझी थाप

जळगावला उतरलो तो पुतणीच्या लग्नासाठी, आणि पहिल्या तासातच कळून चुकलं की या जिल्ह्यात माझ्यासारख्या माणसाला काही कामच नाही. मी ज्याची थाप मारावी ते इथे आधीच हजर असतं. स्टेशनाबाहेर केळीने लादलेला ट्रक उभा होता. एकेक घड असा, की उतरवायला दोन माणसं आणि वर एखादा नवस लागावा. मी हमालाला विचारलं, "भाऊ, एवढे मोठे घड नेहमीच येतात का?" तो बिडी विझवत म्हणाला, "हे लहान आहेत. मोठे गाडीत बसत नाहीत." मी त्या माणसाला मनोमन गुरू केलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी शेतात भरिताची पंगत होती. हिरवी, लांबट वांगी पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळलेल्या झाडांवर) भाजत होते. एक वांगं आडवं टाकायचं तर शेजाऱ्याचं शेत मागून घ्यावं लागत होतं. मिरची अशी, की पहिल्या घासाला मला माझे दिवंगत आजोबा दिसले आणि दुसऱ्या घासाला तेच पाणी मागू लागले. व्याही म्हणाले, "आज तिखट जरा कमीच पडलंय, पाहुणे." मी डोळे पुसत मान हलवली.

लग्न लागलं आणि जयवंताचा फोन आला. जयवंत माझा बोर्डिंगातला मित्र. तिथे मी थापा मारायला शिकलो आणि तो माझ्या थापा ऐकून गप्प बसायला. पुढे मी पाटबंधारे खात्यात कारकून झालो आणि तो चर्चचा पाळक झाला, साक्री तालुक्यात, पार डोंगराच्या अंगाला.

"इतक्या जवळ आलायस तर ये," तो म्हणाला. "रविवारी सुगीची उपासना आहे. नागलीची (नाचणीची) भाकरी खायला मिळेल. आणि साक्ष दे (म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांग). पण थोडक्यात."

'थोडक्यात' हा शब्द मला कुणी आजवर शिकवलेला नाही.

शनिवारी सकाळी एस.टी. धरली. पारोळ्याजवळ बसने मान टाकली. आम्ही सगळे उतारू खाली उतरून ढकलू लागलो, पण एक म्हातारी अक्का खिडकीशी तशीच बसून. कंडक्टर ओरडला, "अक्का, उतरा की!" ती म्हणाली, "आनि मनी जागा गई तं? (आणि माझी जागा गेली तर?)" मग आम्ही अक्कासकट बस ढकलली. बस सुरू झाल्यावर तिने खिडकीतून आम्हाला हात केला, एखाद्या मंत्र्यासारखा.

धुळ्याला गाडी बदलली, स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली, साक्रीच्या पुढे काळीपिवळी जीप मिळाली. तिच्यात आम्ही किती जण होतो ते सांगत नाही, कारण ते खरं असूनही कुणाला पटणार नाही. मागे कापसाची पांढरी रानं सुटत गेली, मग सपाटीच संपली. रस्ता वळणं घेऊ लागला, साग आले, उतारावर कापून ठेवलेल्या नागलीचे भारे आले. जीपमधून उतरलो तेव्हा माझा डावा पाय कुणाचा आहे हे ओळखायला थोडा वेळ लागला.

रविवारी चर्च भरलं. वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन, पुढे भाताच्या लोंब्या, तुरीच्या शेंगा, भोपळे. साक्षी सुरू झाल्या आणि मला तिथली एक रीत कळली. इकडे शेकोटीपाशी कुणी गोष्ट सांगू लागलं की ऐकणाऱ्याने 'हां' म्हणत राहायचं असतं. 'हां' थांबली की गोष्ट थांबते. हीच रीत यांनी चर्चमध्ये आणली आहे. पुढच्या चटईवर दामा आबा बसतात. वाळलेल्या खोडासारखे, पण आवाज ढोलासारखा. आबांनी "हां" म्हटलं की मागोमाग सगळी मंडळी म्हणते.

एका बाईने हरवलेली शेळी सापडल्याचं सांगितलं. हां! एकाने सांगितलं, आठ महिने दारूला शिवलो नाही. हां! साक्ष म्हणजे चार वाक्यं. मग जयवंताने मला उभं केलं.

मी सुरुवात अगदी खरी केली. माझ्या पित्ताशयात खडे झाले होते. "हां!" डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. "हां!" मी फार घाबरलो. "हां!" आता तुम्हीच सांगा, आयुष्यभर ज्याच्या गोष्टीला लोकांनी 'पुरे आता' म्हटलं, त्याला दीडशे माणसं प्रत्येक वाक्याला 'हां' देतात म्हटल्यावर त्याने थांबायचं कसं? मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो. मी आरशासारख्या फरशीवर गुडघे टेकले. खोली उजळली. डॉक्टरांच्या हातातली कात्री खाली पडली. आणि प्रभू मला म्हणाला, ऊठ, तुला चाकू लागणार नाही. जो कोणी हे ऐकून माझ्यावर भिस्त ठेवील, त्यालाही लागणार नाही!

"हां!" पत्रा थरथरला. आता मी पत्रा थरथरला म्हणतो, तेव्हा तो थरथरलाच होता.

जेवणाच्या पंगतीत मी उडदाच्या आमटीत भाकरी कुस्करत होतो. जयवंत शेजारी येऊन बसला. तोंड पडलेलं.

"सेवंतीबाई उद्या धुळ्याला जायचं नाही म्हणतेय," तो म्हणाला.

"कोण सेवंतीबाई?"

त्याने बोट केलं. भिंतीशी चाळिशीची एक बाई नवऱ्याला वाढत होती. नवरा रूपसिंग, पिवळट चेहऱ्याचा, अर्धी भाकरी चिवडत बसलेला. त्याच्याही पित्ताशयात खडे. दोनदा ताप चढला होता. आणखी थांबलात तर आत पू होईल, जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जयवंत महिनोन् महिने समजावत होता. शेवटी सोमवारी सरकारी दवाखान्यात दाखल करायचं ठरलं होतं.

"मग सांग की तिला, डॉक्टरांचं ऐक म्हणून," मी म्हणालो.

"सांगितलं. ती म्हणते, डॉक्टर माणूस आहे, चुकेल. पाहुण्याला तर देवाने स्वतः सांगितलं, आणि देव खोटं बोलत नाही." जयवंत माझ्याकडे बघत राहिला. "आता यावर मी काय बोलू? देव खोटं बोलतो म्हणून सांगू? तिचं काही चुकलेलं नाही रे. पंधरा वर्षं मी त्यांना हेच शिकवलं. त्याचा शब्द खरा असतो म्हणूनच आपण विश्वास ठेवतो, नाहीतर कशावर ठेवायचा?"

बोर्डिंगापासून गप्प बसणारा हा माणूस एका दमात एवढं बोलला. मी अंगचोरपणा करून पाहिला. "मी तिला बाजूला घेऊन हळूच सांगतो."

मागून दामा आबांचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "हां बठ्ठास्नी दिन्ही. बठ्ठास्समोर परत ल्या (हां सगळ्यांनी दिली. सगळ्यांसमोर परत घ्या)."

मी पंगतीत उभा राहिलो. सांगतो, जळगावची मिरची परवडली. म्हणालो, "मंडळी, सकाळी मी सांगितलं ते खोटं होतं. खडे झाले, घाबरलो, एवढंच खरं. खोली उजळली नाही. देव माझ्याशी काही बोलला नाही. माझं ऑपरेशन झालं." आणि कुणी विश्वास ठेवेना, कारण सकाळची गोष्टच जास्त चांगली होती. शेवटी मी सदरा वर केला. हा व्रण मी घरी वीतभर सांगतो. तो चार बोटं आहे.

रूपसिंग उठून जवळ आला. त्याने बोटाने व्रण चाचपला. "चाकू लागनाच का मंग?"

"लागला, दादा."

"दुखनं?"

"दुखलं. हसलं की जास्त."

कुणी हसलं नाही. सेवंतीबाई हातातलं भांडं घेऊन तशीच उभी होती. "देवना तोंडमा तुम्ही तुमनी थाप टाकी?"

"हो ताई."

"मी याले घरी मरू देती ना, तुमना बोलणावर (मी ह्यांना घरी मरू दिलं असतं ना, तुमच्या बोलण्यावर)."

ती एवढ्यावर थांबली नाही. दोन वर्षांपूर्वी एक फिरता उपदेशक आला होता, ती म्हणाली. सासरे आजारी होते. देवाने मला दाखवलंय, म्हातारा उठून बसेल, असं तो छातीठोक सांगून गेला. सासरे आठवड्यात गेले. वर्षभर ती चर्चची पायरी चढली नाही. भांडण कुणाशी? उपदेशकाशी नव्हे. देवाशी.

मग ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली, "मंग ते भी देवनं बोलणं नव्हतं." भांडं तिने खाली ठेवलं. चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता, पण तो आता माझ्याकडे होता, वर नव्हता. इतक्या आनंदाने मी कुणाचा राग आजवर घेतलेला नाही.

"देव खरं काय बोलस मंग?" तिने जयवंताला विचारलं.

जयवंत म्हणाला, "बाई, दुखणार नाही असं तो कुठे बोललेला नाही. मरण येणार नाही असंही नाही. टाकून जाणार नाही, हे बोललाय. ते मोडलेलं मी अजून पाहिलं नाही."

रूपसिंगने भाकरीचं ताट पुन्हा ओढलं. "उद्या कितीले गाडी शे? (उद्या किती वाजता गाडी आहे?)" त्याने विचारलं.

मी त्यांच्याबरोबर धुळ्याला गेलो. पाळकाने सांगितलं म्हणून नाही. घरी फोन करून कळवलं, दोन दिवस उशीर होईल. मंगळवारी सकाळी रूपसिंगला आत नेलं आणि दार बंद झालं. बाकावर सेवंतीबाई आणि मी. पुष्कळ वेळ गेला.

"भाऊ, बरा व्हई ना?"

जिभेवर पाच-सहा उत्तरं येऊन उभी राहिली, एकाहून एक सुंदर. शंभर टक्के ताई! डॉक्टर तर असे की मुंबईहून लोक येतात! मी ती सगळी गिळली. "मला माहीत नाही, ताई," मी म्हणालो.

तिने मान हलवली. पिशवीतून भाकरी काढली, मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

दुपारी रूपसिंग बाहेर आला. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलला, "हा माणूस सांगस त्यानापेक्षा जास्त दुखस (हा सांगतो त्यापेक्षा जास्त दुखतं)." आयुष्यात प्रथमच माझ्यावर कमी सांगितल्याचा आरोप झाला.

निघताना सेवंतीबाई दवाखान्याच्या दारापर्यंत आली. मी म्हणालो, "बघा, देवाने बरं केलं."

ती म्हणाली, "केलं. पण बरा व्हयना म्हणून तो खरा नही, भाऊ. तसा तो खराच शे (पण हे बरे झाले म्हणून देव खरा, असं नाही. तसाही तो खराच आहे)."

परतीच्या गाडीत हेच डोक्यात घोळत होतं. माझ्या थापा माझ्या नावावर असतात तोवर लोक हसतात आणि सोडून देतात. पण मी त्या देवाच्या सहीने खपवल्या, की फुटल्यावर खोटा तो ठरतो, आणि कुठल्या तरी डोंगरातली बाई वर्षभर त्याच्याशी अबोला धरते. विश्वास म्हणजे त्याला आपण चमकवून दाखवणं नव्हे. तो बोलला तेवढ्यावर वजन टाकायचं, आणि जिथे तो गप्प आहे तिथे आपणही गप्प राहायचं. दुसरं मला फार जड जाणार आहे.

घरी पोहोचलो. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तयारीने खुर्ची ओढून बसली. "हं, सांगा. कसा झाला प्रवास?"

"बरा झाला," मी म्हणालो.

ती उठली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहू लागली.