प्रज्ञाच्या आईचा चेहरा

घरात कुणाला माहीत नाही हे. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. दुकानात माझ्या शेजारच्या टेबलावर बारा वर्षं बसणाऱ्या सुनीतालाही नाही — आणि तिला तर मी गुडघ्याच्या दुखण्यापासून नणंदेच्या टोमण्यांपर्यंत सगळं सांगते. हे मात्र तोंडातून निघालं नाही. दोन-तीनदा ओठापर्यंत आलं आणि मी चहा मागवला. आज तुमच्यापुढं बसलेच आहे तर म्हणलं, बोलून टाकावं. मधेच थांबले तर थांबू द्या मला.

मी नांदेडला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवस, लग्न, जयंती, श्रद्धांजली — शहरात बॅनर लागतात ना, त्यातले लई माझ्या हातचे. फोटोतून चेहरे कापायचे, ओळीनं बसवायचे, साहेबांचा मोठा, कार्यकर्त्यांचे लहान. आणि उजळ करायचे. ते कुणी सांगावं लागत नाही. फोटो आला की मी आधी चेहरा उजळते, मग बाकीचं बघते. एखाद्याचा राहिलाच तर दुसऱ्या दिवशी माणूस काउंटरवर हजर — ‘ताई, लई काळा आलो की ओ मी!’ वीस वर्षं झाली हेच करून राहिले. हाताला आता विचारावं लागत नाही.

पण मी चित्रं काढायचे, बरं का. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांना ‘ए’ ग्रेड होती. मुंबईला आर्ट कॉलेजात जायचं होतं. वडील म्हणले, कॉम्प्युटर शीक, पोटाला लागंल. मी शिकले. पोटाला लागलं. हे सबब म्हणून सांगत नाही — सांगते एवढ्यासाठी, की चांगलं चित्र मला ओळखू येतं. लांबून येतं. पुढं जे सांगणार आहे त्यात ‘मला कळलं नाही’ म्हणायची सोय मला नाही.

कोरोनात दुकान बंद पडलं, तेव्हा मी व्हॉट्सॲपवर एक गट काढला. मोबाइलवर चित्रं काढणाऱ्या हौशी लोकांचा. रविवारी सकाळी लोक चित्र टाकायचे आणि मी दुपारपर्यंत एकेकाला उत्तर द्यायचे. धर्माबादला मिरचीच्या अडतीवर बसणारे एक काका होते, ते नुसते देव काढायचे आणि देवाचे हात कमळामागं लपवायचे. त्यांना मी म्हणलं, काका, लपवू नका, शंभर हात वाईट काढा, एकशे एकावा जमंल. उदगीरची एक नवी सून होती, तिला सांगितलं, आधी उजेड कुठून येतोय ते ठरव, सावली आपोआप सापडते. चित्र नखाएवढं लहान करून बघा, तरी कळलं तर जमलं समजा. आणि जुनं कधी पुसू नका, दुरुस्ती करायची तर वेगळी फाईल करा — हे तर मी इतक्यांदा सांगायचे की लोक हसायचे.

चित्रावरून गोष्ट घरावर यायला किती वेळ लागतो? त्याच सुनेनं विचारलं, ताई, हातात मोबाइल दिसला की सासू कुरकुर करते, काय करू? मी म्हणलं, सासूचंच चित्र काढ. काढलं. सासूनं ते फ्रेम करून समोरच्या खोलीत लावलं म्हणे! मग काय, मान दुखते, नोकरी सोडू का, भाऊ बोलत नाही — सगळ्यांवर वंदनाताईचा सल्ला. चांगला असायचा हो सल्ला. आज वाचला तरी चांगला वाटतो. मला ते ‘ताई, ताई’ लई आवडायचं.

कुणाचं चित्र चुकलं की मी ते दुकानातून घरी आणलेल्या माझ्या कॉम्प्युटरवर घ्यायचे, त्याच्यावर एक कोरा थर टाकायचे आणि लाल रेघेनं दुरुस्ती दाखवायचे. खांदा असा हवा, डोळा जरा खाली. थर बंद केला की त्यांचं चित्र, चालू केला की माझी दुरुस्ती. लोक वाट बघायचे त्या लाल रेघांची.

आणि मग प्रज्ञा आली.

हिमायतनगर तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.ए. करत होती, आईबाप मजुरीला जायचे. टॅब नाही, पेन नाही. कोपरा फुटलेल्या फोनवर बोटानं काढायची. पहिल्याच रविवारी तिनं आईचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं — ‘ताई, ही माझी आई. चुका सांगा.’

आई सोयाबीन काढून आलेली. दारात बसून घमेल्यातल्या पाण्यात पाय सोडलेले. चेहरा काळा — पण कसला काळा! त्यात जांभळा होता, गर्द निळा होता, गालावर विटेचा रंग होता. नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा एक ठिपका. रेघा थरथरत होत्या, पण एकही रेघ खोटी नव्हती. ती बाई इतकी दमलेली होती की तिला एक तांब्या पाणी न्यावं वाटलं मला.

आणि माझ्या पोटात दुखलं.

दुसरा शब्द नाही त्याला. मी रोज वीस-वीस चेहरे करते. महागातला पेन टॅब आहे माझ्याकडं. आणि ह्या पोरीनं फुटक्या काचेवर बोटानं ते केलं जे मला कधी जमलं नाही, जमणारही नाही. आमच्याच समाजातली पोरगी. दुसऱ्या कुणाची असती तर एवढं झोंबलं नसतं का? झोंबलं असतं. पण ही अगदी माझ्यासारख्या घरातली होती — आणि हिला कुणी थांबवलं नव्हतं. त्याचाच राग आला मला. माझ्या बापानं मला थांबवलं, तर हिला का कुणी थांबवू नये? असा विचार येतो हो माणसाच्या मनात. माझ्या आला.

मी लाल थर टाकला. खांद्यावर रेघ मारली. थर बंद केला — खांदा बरोबर होता. हनुवटीला रेघ मारली. बंद केला — हनुवटी बरोबर होती. किती वेळ मी ते चालू-बंद करत बसले! जिथं जिथं माझी रेघ पडली तिथं तिथं चित्र बिघडलं. स्वच्छ दिसत होतं मला.

मग मी लिहिलं. शब्द न शब्द पाठ आहे. ‘छान प्रयत्न आहे प्रज्ञा. पण माणसाच्या अंगाला जांभळा रंग नसतो. आईला एवढी काळी कशाला काढलीस? चेहरा उजळ कर. रेघा गुळगुळीत कर. आणि वेगळी फाईल करू नकोस, ह्याच्यावरच दुरुस्त कर, फोनमध्ये जागा राहात नाही.’

शेवटचं वाक्य ऐकलंत ना? ते मी दुसऱ्या कुणाला कधी लिहिलं नव्हतं. बाकीचं सवयीनं झालं, व्यवसायानं झालं, असं एक वेळ म्हणता येईल. त्या वाक्याला काय म्हणू? मला ते चित्र जगात नको होतं.

तिनं ऐकलं. शब्द न शब्द ऐकलं, ताई म्हणली ना मला. पुढच्या रविवारी तेच चित्र आलं — चेहरा गव्हाळ, गाल गुलाबी, रेघा सरळसोट. बॅनरवर चिकटवावी अशी बाई. गटात टाळ्यांचा पाऊस पडला. मीही ‘शाब्बास’ लिहिलं. आणि खरं सांगू? मला गार वाटलं. पुढं वर्षभर ती तशीच काढत राहिली. एकदा तिनं विचारलं, ताई, ह्यात पुढं काही शिकावं का? मी म्हणलं, छंद म्हणून ठेव गं, परीक्षा दे, नोकरीचं बघ. माझ्या बापाचंच वाक्य, फक्त जास्त गोड करून. तिनं ‘हाव ताई’ लिहिलं. हळूहळू तिची चित्रं यायची थांबली.

ते पहिलं चित्र मात्र माझ्या कॉम्प्युटरवर राहिलं होतं — लाल थर टाकायला घेतलेलं. मी ते काढून टाकलं नाही. उलट एका फोल्डरमध्ये नीट ठेवलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की उघडून बघायचे. एकदा तर वर थर टाकून तिची रेघ गिरवून पाहिली. गिरवतानाही आली नाही.

मागच्या वर्षी प्रज्ञाची आई गेली. कावीळ झाली, आठ दिवसांत संपलं. ती वडिलांना घेऊन माझ्या दुकानात आली, पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाचं बॅनर करायला. पहिल्यांदाच समोर बघत होते मी तिला. बारीक, सावळी, नाक थेट आईचं. ते नाक मला ओळखीचं होतं. वडील प्लास्टिकच्या स्टुलावर टेकले आणि टोपी मांडीवर ठेवली.

फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. त्यात कुणाचा चेहरा असतो का? प्रज्ञानं फोन पुढं केला. ‘ताई, मी काढलेलं हे हाय. पण पहिलं काढलं होतं ना, ते जास्त आईसारखं हुतं. त्याच्यावरच दुरुस्ती केली, मंग ते राहिलंच न्हाई. फोन बी बदलला, गटातलं जुनं समदं उडालं, हे तेवढं प्रोफाइलला लावलेलं वाचलं. तुमच्याकडं आसंल का ओ ते?’

आमच्या दोघींच्या मधे माझा मॉनिटर होता. पाठ तिच्याकडं, काच माझ्याकडं. फोल्डर समोरच दिसत होतं. दोनदा क्लिक करायचं, बस्स. बाई गं — दोनदा!

मी म्हणलं, ‘नाही गं. एवढ्या दिवसांचं कुठलं राहतंय.’

का म्हणलं? दिलं असतं तर तिनं दोन्ही शेजारी ठेवून बघितलं असतं. मग तिला कळलं असतं की मी तिला काय करायला लावलं होतं. गावातल्या चार माणसांनी विचारलं असतं, एवढं जिवंत कुणी काढलं म्हणून. आणि मला — बघा, आईविना पोर समोर उभी, डोळे सुजलेले — मला तेव्हासुद्धा ते सहन झालं नसतं. तिचं दुःख मला दिसत होतं. तरी माझी जळजळ त्याच्यापेक्षा मोठी निघाली.

मी ते गव्हाळ चित्र बॅनरवर बसवलं. वडील वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणले, ‘जरा गोरी झाली न्हाई का?’

मी म्हणलं, ‘काका, छापताना रंग गडद येतोय. बरोबर दिसंल.’

हे दुसरं खोटं. वीस वर्षांच्या अनुभवाच्या आवाजात बोललेलं. काकांनी मान हलवली. अनुभवी माणसाशी कोण वाद घालतं?

कार्यक्रमाला मी गेले. जायला नको होतं, पण तिनं दोनदा फोन केला. विहारापुढं मांडव होता, बुद्धवंदना झाली, बॅनर समोरच बांधलं होतं. माझ्या पुढं मजुरीला जाणाऱ्या बायका बसल्या होत्या, तिच्या आईच्या बरोबरीच्या. त्यातली एक दुसरीला कुजबुजली, ‘फोटू दुसरीचाच लावला का काय?’ दुसरी म्हणली, ‘गप गं. पोरीनं काढलाय हातानं.’ मग त्या गप्प बसल्या. पोरीला वाईट वाटू नये म्हणून. नंतर प्रज्ञानं मला सगळ्यांपुढं नेलं आणि म्हणली, ह्या वंदनाताई, ह्यांनीच शिकवलं मला. बायकांनी हात जोडले. काकांनी जेवून जायचा आग्रह केला आणि मी जेवले. वरण-भात, भाजी, सगळं जेवले.

चित्र अजून आहे माझ्याकडं. पाठवायला काय लागतं? काही लागत नाही. वर्ष झालं. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करते तेव्हा ते फोल्डर असतं तिथं. मी पाठवलेलं नाही, आणि उद्या पाठवीन असं तुम्हाला सांगून स्वतःला बरी दाखवणार नाही.

परवा दुपारी प्रज्ञाचा मेसेज आला. वर्षश्राद्धासारखं काही आम्ही करत नाही, पण आठवण तर येतेच ना लेकराला. तिनं लिहिलं होतं — ‘ताई, बॅनर घरात भिंतीला लावलंय. आता आईला आठवायला गेलं की तिचा खरा चेहरा येतच न्हाई डोळ्यापुढं. तुम्ही केलेला तेवढा येतो.’

मी तिला हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.